सोपेराव आणि पुढची खोली

पालिकेच्या करखात्यात माणसं दोन प्रकारची. घरपट्टी वसूल करणारी, आणि ती का वसूल करायची हे लोकांना सांगणारी. पहिल्या प्रकारची पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रकारचा एकच, आणि त्याला सगळे सोपेराव म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, ते हजेरीपटालाच माहीत. कुणी काहीही विचारलं की त्याचं पहिलं वाक्य "सोपं आहे" हे असतं, म्हणून ऑफिसने त्याला ही पदवी दिली. पगार मात्र वाढवला नाही.

हे काम त्याच्याकडे आलं तेही काही कुणी ठरवून नाही. तो नोकरीला लागला तो बिलं वाटायला. बिल हातात पडलं की माणूस आधी बिलाकडे बघतो, मग देणाऱ्याकडे बघतो, आणि त्या दुसऱ्या बघण्यात प्रेम नसतं. बाकीचे वाटप करणारे दाराच्या फटीतून कागद सरकवायचे आणि पायाला पाय लावून पळायचे. सोपेराव उभा राहायचा. समोरचा तोंडसुख घेऊन दमला की हा बिलावर बोट ठेवून एकेक ओळ सांगायचा. ही खोलीची मोजणी, हा दर, हा पाण्याचा आकार, हा दिवाबत्तीचा. त्याच्या गल्ल्यांतून वसुली बरी होते हे कधीतरी वरच्यांच्या लक्षात आलं. सरकारी कचेरीत वरच्यांच्या असं काही लक्षात येणं हाच एक चमत्कार. तेव्हापासून दर वाढवायची वेळ आली की साहेब लोक केबिनमध्ये बसणार आणि सभेला सोपेराव जाणार, हे ठरून गेलं.

सभेची त्याची पद्धत ठरलेली होती. आधी शिव्या, मग आकडे. आल्या आल्या तो काही बोलायचाच नाही. खुर्ची सरळ करायची, फळा पुसायचा, पाणी प्यायचं. तेवढ्यात लोक पालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घेत. रस्त्यातला खड्डा, न उचललेला कचरा, दिवसाही जळणारा आणि रात्री न जळणारा दिवा, सगळं निघायचं. भांडं उतू जाऊन झालं की मगच झाकण ठेवता येतं, असं तो म्हणायचा. मग पिशवीतून लोखंडी नळाचा एक तुकडा काढून पहिल्या रांगेत फिरवायला द्यायचा. जमिनीखालून काढलेला जुना नळ. बाहेरून मनगटाएवढा जाड, आतून गंज चढून चढून करंगळी जेमतेम जाईल एवढा. लोक एका बाजूने डोळा लावून बघत आणि पुढच्याकडे देत. "तुमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही, तर हे," तो म्हणायचा. "हे बदलायला पैसे लागतात. आता कुणाकडून किती घ्यायचे, ते बोलू."

यंदाचा प्रस्ताव मात्र जरा तिखट होता. राहत्या घरांना थोडी वाढ, ती पचली असती. दुकानांना घरांच्या तिप्पट दर. आणि कागदावर काय लिहिलंय ते बघायचं नाही, प्रत्यक्ष वापर काय तो बघायचा. घर म्हणून नोंद करून पुढे दुकान थाटलेले बरेच होते, त्यांना हा चिमटा होता. त्यात आणखी एक कलम होतं. रस्त्याकडची खोली 'राहती' म्हणून लिहिली गेली, तर तिचं शटर आणि वरची पाटी काढायची आणि तिथे भिंत घालायची. नाहीतर लोक खोलीचा दर भरतील आणि पालिकेची पाठ वळली की शटर वर करतील. कलम लिहिणाऱ्याला आपली माणसं चांगली ठाऊक होती.

आता सोपेरावच्या वडिलांकडे यायला हवं, कारण त्यांच्या घराला शटर होतं.

वडील शिंपी. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणते. पुढच्या खोलीत दुकान, मागे राहायची खोली आणि स्वयंपाकघर. एके काळी त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. शाळा उघडायच्या आधी गणवेशांचे ढीग लागत, आणि सोपेराव लहानपणी त्या ढिगांवरच झोपायचा. मग तयार कपडे आले. लोक फक्त पँट आखूड करायला, चेन बदलायला येऊ लागले. मग मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला, बोटं थरथरायला लागली, आणि तेही बंद झालं. बायको तर त्याआधीच गेली होती. तरी रोज सकाळी मास्तर शटर वर करत, मशीन पुसत, तेलाचे दोन थेंब सोडत, गळ्यात टेप अडकवत आणि काउंटरमागे बसत. कात्री, खडू, रिळं जागच्या जागी. संध्याकाळी दिवे लागल्यावर दुकान बंद. गिऱ्हाईक नाही, ही एक गोष्ट सोडली तर धंदा व्यवस्थित चालला होता.

कुठल्या जागेचा वापर काय ते नोंदवायला पालिकेच्या पाहणी करणाऱ्या बाई त्या गल्लीत आल्या त्या दिवशी मास्तर नेमके डोळे तपासायला गेलेले. शटर खाली. घर मास्तरांच्या आणि मुलाच्या, दोघांच्या नावावर. बाईंनी मुलाला फोन लावला. तो तर खात्यातलाच.

"दुकान आहे का हो हे?" बाईंनी विचारलं.

"होतं. आता काही चालत नाही तिथे. खोली लिहा," सोपेराव म्हणाला.

आणि फोन ठेवून तो खूश झाला. एका दगडात दोन पक्षी. तिप्पट दर वाचला, आणि दुसरं असं की तो आणि त्याची बायको बरेच दिवस बोलत होते की बाबांना आता एकटं ठेवायला नको, आपल्याकडे आणू. बाबा ऐकत नव्हते. दुकान आहे, दुकान सोडून कसं येऊ, हे त्यांचं एकच पालुपद. शटर गेलं, भिंत आली, की दुकानही जाईल आणि पालुपदही. सगळ्या शहराला घरपट्टी समजावणाऱ्या माणसाला आपल्या बापाला विचारायचं मात्र सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मास्तरांच्या वस्तीतली सभा शाळेच्या वर्गात भरली. मोठी माणसं लहान बाकांत गुडघे मुडपून बसली होती, त्यामुळे राग आणखी चढला होता. सोपेरावने पद्धतीप्रमाणे फळा पुसला, पाणी प्यायलं, शिव्या होऊ दिल्या. त्यात कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आघाडीवर होता.

"माझं दुकान नाहीच मुळी," तो म्हणत होता. "मी घरात मशीन ठेवलंय. आता लोक घरी येतात त्याला मी काय करू?"

"येतात आणि पैसे देऊन जातात," मागून कुणीतरी म्हणालं.

"प्रेमाने देतात."

वर्ग हसला, आणि सोपेरावला बरं वाटलं. हसलेली सभा निम्मी सर झालेली असते. नळ फिरला. आकडे फळ्यावर चढले. हरकत कशी घ्यायची, कुणाकडे द्यायची, पुन्हा पाहणी कशी होते, सगळं त्याने सांगितलं. कुणाला दर जास्त लागला असं वाटत असेल तर आत्ताच विचारा, म्हणाला. तिसऱ्या बाकावरून मास्तर उठले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप, हातात घरी आलेली पाहणीच्या नोंदीची चिठ्ठी. टेप काढायला विसरले होते की मुद्दाम ठेवला होता, देव जाणे.

"साहेब, माझा एक प्रश्न आहे."

बापाने चारचौघांत साहेब म्हटल्यावर कुठल्या मुलाचं तोंड जागेवर राहील? "विचारा ना," सोपेराव कसाबसा म्हणाला.

"घरपट्टी कमी लागली असेल, तर तक्रार कुठे करायची?"

लोकांना आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण मास्तर हसत नव्हते.

"माझं दुकान आहे," ते म्हणाले. "तुमच्या माणसांनी खोली लिहिलंय. ते चूक आहे. दुकानाचा दर लावा."

"मास्तर, अदलाबदल करू या," झेरॉक्सवाला ओरडला. "तुमची खोली मला द्या, माझं दुकान तुम्ही घ्या." वर्ग पुन्हा हसला. मग खिडकीजवळच्या एका बाईने सरळच विचारलं, "पण खोली लिहायला सांगितलं कुणी? घरचाच माणूस खात्यात, म्हणून का?"

हशा थांबला. सोपेरावच्या हातातला खडू ओला झाला. आता पाहणीवाल्या बाईंवर ढकलता आलं असतं. कचेरीत हे रोज होतं, त्याला कुणी वाईटही म्हणत नाही. पण या माणसात एक खोड होती. फळ्यासमोर उभा असताना त्याला खोटं बोलता येत नसे.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "फोनवर. मी सांगायला नको होतं. पुन्हा पाहणी होईल, आणि निर्णय मी घेणार नाही." मग फळ्याकडे वळून त्याने उगाच एक आकडा पुसला आणि तोच पुन्हा लिहिला.

सभा संपल्यावर तो वडिलांच्या मागोमाग दुकानात गेला. मास्तर बाकांवरून उठून आल्याने कंबर चोळत होते.

"बाबा, घरी सांगायचं होतं ना मला. सगळ्यांसमोर कशाला?"

"तू तरी मला घरी कुठे विचारलंस?"

सोपेरावने नेहमीचा रस्ता धरला. "सोपं आहे. तुम्ही दुकान म्हटलंत तर तिप्पट भरावे लागतील. मिळकत शून्य. पेन्शन नाही. मी देतो म्हटलं तर तुम्ही घेणार नाही. मग हा हट्ट कशासाठी? भिंत घालू, छान मोठी खिडकी ठेवू, उजेड येईल..."

"जगाला समजाव," मास्तर म्हणाले. "मला नको."

एवढं बोलून त्यांनी शटरला हात घातला, म्हणजे मुलाने जावं. सोपेराव गेला. घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने आधी नवऱ्याला चार शब्द ऐकवले. मग स्वतःच उपाय काढला. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर कपडे घेऊन सासऱ्यांकडे गेली. उसवलेला पायजमा, बटण गेलेला शर्ट, एक जुना पडदा.

"बाबा, हे टांगून ठेवा," ती म्हणाली. "बाई आल्या की दिसेल, काम आहे म्हणून."

मास्तरांनी पिशवी उघडून बघितली, पडद्याचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि सगळं परत आत ठेवलं. "सूनबाई, तू चांगल्या मनाने आणलंस. पण मी आजवर गिऱ्हाइकाला खोटं माप लावलं नाही. आता खोटं गिऱ्हाईक लावू?"

पिशवी परत आली. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या घराण्यात सगळेच असले का हो?" आणि स्वतः सुई घेऊन बटण लावायला बसली.

पुन्हा पाहणीच्या दिवशी घराच्या दोन्ही मालकांनी हजर राहायचं होतं. तसा नियम. दोघांचं म्हणणं एक असेल तर बाईंना तिथल्या तिथे नोंद करता येत होती. दोघांत मतभेद असला तर पहिलीच नोंद कायम. म्हणजे निर्णय मी घेणार नाही असं सोपेरावने जगाला सांगितलं खरं, पण घराचा दुसरा मालक म्हणून एक शब्द त्याच्याकडे उरला होताच. खोली आहे, एवढं म्हटलं की शटर निघालं असतं. बायकोने निघताना विचारलं, काय सांगणार? बघू, म्हणाला. रस्ताभर त्याला वाटत होतं की खोलीच म्हणावं. म्हाताऱ्याचा राग चार दिवसांचा. उद्या अंधारात पडला, हाड मोडलं, तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

तो पोचला तेव्हा बाई आलेल्या होत्या. मोजणी झाली होती. दुकानातल्या बाकावर गल्लीतला एक निवृत्त ड्रायव्हर पेपर वाचत बसला होता, आणि त्याला कुणी बस म्हटलेलं दिसत नव्हतं. बाई लिहीत होत्या तेवढ्यात समोरच्या घरातली एक बाई पायरी चढून आली, काउंटरवर किल्ली ठेवून म्हणाली, "मास्तर, मुलगी आली की द्या," आणि गेली. मास्तरांनी किल्ली खडूच्या डबीत टाकली. मग एका तरुण पोराने बाहेरूनच विचारलं, पाणी सोडलं का, आणि मास्तरांनी आतून सांगितलं, अजून नाही. झेरॉक्सवालासुद्धा येऊन गेला. सुट्टे आहेत का म्हणून आला आणि पाहणीवाल्या बाईंना बघून, नसले तरी चालतील, म्हणत सटकला.

"शेवटचं गिऱ्हाईक कधी आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"आठवत नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे या वर्षात?"

"नाही. त्याआधीही बरंच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाई मनाने भल्या होत्या, आणि त्यांना वाईट वाटत होतं. "मग कशाला तिप्पट भरता, मास्तर? खोली लिहिलीय तीच राहू द्या. दार लावा, आत निवांत बसा. या वयात कशाला हा त्रास?"

मास्तरांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. बोलणं त्यांना फारसं जमायचंच नाही कधी. मापं सांगायचे तेवढंच.

"बाई," ते म्हणाले, "मी इथे बसलो की लोक म्हणतात, मास्तर दुकानात आहेत. दुकानात कुणीही चढतं. भिंत घातलीत की मी तोच, खुर्ची तीच, पण लोक म्हणतील, म्हातारा घरात एकटा असतो. घराचं दार वाजवायला कारण लागतं. कारण नसलं की कुणी येत नाही. मग एक दिवस घरचीच माणसं येतात, सामान बांधायला."

हे ते बाईंकडे बघून बोलले. मुलाकडे त्यांनी बघितलं नाही, आणि तेच सोपेरावला जास्त लागलं. आपलं बायकोशी चाललेलं सगळं बोलणं म्हाताऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आपण ज्याला हट्ट म्हणत होतो तो हट्ट नव्हता. तो माणूस घाबरला होता. सभेत सगळ्यांसमोर उभं राहून तिप्पट घरपट्टी मागण्याइतका घाबरला होता, आणि आपण त्याला खिडकीच्या उजेडाच्या गोष्टी सांगत होतो. सोपेरावला स्वतःची लाज वाटली. ड्रायव्हरने पेपर आणखी वर धरला.

बाईंनी पेन उचललं आणि दुसऱ्या मालकाकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं? इथला वापर काय लिहू?"

असल्या वेळी सोपेराव एरवी फळाभर बोलला असता. व्याख्या, कलम, उदाहरण. आता त्याला एकच वाक्य आलं, आणि त्यात त्याने बापाला गल्लीतल्या कुठल्याही माणसाने म्हणावं तसं म्हटलं.

"मास्तरांचं दुकान आहे. चालू आहे."

बाईंनी तसं लिहिलं. मास्तरांनी सही केली. थरथरत्या हाताने वेळ लागला, पण अक्षर नीट काढलं. मग सोपेरावने सही केली. वाढीव दराविरुद्धच्या हरकतींचे त्या वर्षी कचेरीत ढीग लागले आणि बहुतेक फेटाळल्या गेल्या. दर वाढवून मागणारी एकच आली होती, ती मान्य झाली.

बाई गेल्या. सोपेरावला खरं तर ऑफिसला जायचं होतं. तो बाकाजवळ उभा राहिला, आणि ड्रायव्हरने सरकून जागा केली. कशाला आलास, काही काम आहे का, असं त्याला तिथे कुणीही विचारलं नाही.